बासष्ट किलो वाळू, कोरडी

माणसानं जुनी साइडकार विकत घ्यावी आणि आपल्या मोटरसायकलला जोडावी, यात गैर काहीच नाही. गैर आहे ते जोडण्यापूर्वी परवानगी मागणं. वजनकाकांना ही गोष्ट वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळली, आणि तीही पूर्णपणे पटली असं म्हणता येणार नाही.

वजनकाका हे त्यांचं खरं नाव नव्हे. एकतीस वर्षं ते वजन-माप खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जायचे, तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे. पाच ग्रॅमची खोट दिसली की दुकानदार सख्खा मेहुणा का असेना, पंचनामा व्हायचाच. त्यांचा सख्खा मेहुणा खरोखरच दुकानदार होता. अजूनही आहे, पण बोलत नाही. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं काकांना पितळी वजनांचा संच भेट दिला, तेव्हा त्यांनी तो आधी तपासला आणि मगच स्वीकारला. असा हा सरळ माणूस, आणि सरळ माणसाच्या वाट्याला जे येतं ते त्यांच्याही वाट्याला आलं.

निमित्त झालं काकूंच्या गुडघ्याचं. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, असं डॉक्टर आजही सांगतात. गुडघा उत्तम आहे, फक्त वाकत नाही. पाय काठीसारखा सरळ ठेवूनच बसायचं. त्यामुळे मोटरसायकलवर मागं बसणं संपलं. बसची पहिलीच पायरी कमरेएवढी. भाड्याच्या गाडीत बसावं तर पाय बाहेर राहायचा आणि दार लागायचं नाही. काकू घरात अडकल्या.

आता काकूंना काही जगप्रवास करायचा नव्हता. नदीपलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण राहायची. वय वर्षं ऐंशी. चाळीस वर्षं दर बुधवारी दुपारी या दोघी पत्ते खेळायच्या आणि भांडायच्या. थोरली लबाडी करायची, काकू ती पकडायच्या, थोरली "तुझ्या डोळ्यांत दोष आहे" म्हणायची आणि मग पुढच्या बुधवारपर्यंत दोघींना करमायचं नाही. फोनचा उपयोग नव्हता, कारण थोरली ठार बहिरी. फोन उचलून ती "कोण बोलतंय?" असं तीनदा विचारायची आणि कोणीच बोलत नाही अशी खात्री करून ठेवून द्यायची. काकू घरी एकट्याच दोन डाव वाटून बसायला लागल्या. थोरलीचे पत्तेही त्याच खेळायच्या. "पण तिच्यासारखी लबाडी नाही हो जमत मला," असं एकदा त्या म्हणाल्या.

म्हणून साइडकार. एका बंद पडलेल्या बँडपथकातला ड्रमवाला ती विकणार होता. घरामागच्या छपराखाली ती पडलेली होती आणि आत एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. काकांनी कोंबडीला वळसा घालून तपासणी केली. तळाचा पत्रा शाबूत, स्प्रिंग जरा दमलेली, चाक हातानं हलवलं तर थोडं खेळत होतं. पुढचं नाक मात्र चांगलं लांब. आत सरळ पाय आरामात मावला असता.

"बावीस वर्षं यात माझा मोठा ड्रम बसलाय," ड्रमवाला म्हणाला. "एकदाही पडला नाही. घरातल्या माणसांना मी कधी बसवलं नाही."

"का?"

"ती शांत बसत नाहीत."

कोंबडीचं काम आटोपेपर्यंत आठवडाभर थांबून काकांनी साइडकार ताब्यात घेतली आणि मिस्त्रीच्या गॅरेजात आणली. मिस्त्री म्हणजे कमी बोलणारा, जास्त पाहणारा माणूस. त्यानं मोटरसायकल स्टँडवर घेतली, दोन्ही चाकांना लावून दोरी ताणली, साइडकार बाजूला उभी केली आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"चार जागी क्लँप आवळायचे," तो म्हणाला. "हिचं चाक पुढून बोटभर आत वळवायचं. गाडी जराशी बाहेर कलती ठेवायची, नाहीतर चालवताना ओढत राहते. रेस दिली की साइडकारच्या अंगाला जाणार, ब्रेक मारला की उलट्या अंगाला. पहिले दोन दिवस शिव्या द्याल, मग हात बसेल. तासाभराचं काम आहे. काकूंना तयार राहायला सांगा."

"आणि परवानगी?" काकांनी विचारलं.

मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. "कोणाची? काकूंची?"

"कार्यालयाची."

"काका, मी आजवर अकरा साइडकार जोडल्यात. दूधवाल्याची, फोटोवाल्याची. एक जण तर कुत्र्याला चष्मा घालून फिरवतो. अजून कुणाला कुणी विचारलेलं नाही."

"कुणी विचारत नाही म्हणून आपण विचारू नये, असं थोडंच आहे?" काका म्हणाले. या वाक्याचा त्यांना तेव्हा अभिमान वाटला.

वाहनस्वरूपबदल कार्यालयात आठ नंबरच्या खिडकीत एक बाई बसत. त्यांनी काकांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

"साइडकार असा शब्द आमच्याकडे नाही. पार्श्वयान. तर पार्श्वयान जोडलेलं आहे की जोडायचं आहे?"

"जोडायचं आहे."

"मग तपासायचं काय? न जोडलेल्याची तपासणी होत नाही."

"बरं, मग जोडून आणतो."

"परवानगी नसताना जोडलं तर गाडी जप्त होते," बाई म्हणाल्या. त्या हे अगदी मायेनं म्हणाल्या.

"मग लोक करतात काय?"

"लोक येतच नाहीत हो. तुम्ही पहिले."

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेबांनी खुर्ची मागं रेलून छताकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं त्यांच्यापुढे डोकं चालवावं असं काही आलं नव्हतं, आणि ते मनापासून कामाला लागले. चार दिवसांनी त्यांनी निर्णय दिला. पार्श्वयान अंशतः जोडावं. चारपैकी दोन क्लँप आवळावेत, दोन मोकळे ठेवावेत. म्हणजे ते जोडलेलंही नाही आणि न जोडलेलंही नाही. अशा अवस्थेतलं वाहन चालवणं अर्थातच गुन्हा असल्यानं ते ढकलत आणावं.

काका आणि मिस्त्री यांनी ते दोन मैल ढकलत नेलं. चढावर ते जागचं हलेना आणि उतारावर हातात राहीना. वाटेत कुत्र्याला चष्मा घालणारा गृहस्थ आपल्या साइडकारमधून झोकात पुढे गेला. कुत्र्यानं मान वळवून यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मिस्त्रीनं त्या कुत्र्याला हात केला.

कार्यालयाच्या आवारात साहेबांनी विचारलं, "आत बसणार कोण?"

"आमच्या मंडळी."

"मग त्यांना बसवून भारचाचणी घ्यायला हवी. पण चाचणीआधी माणूस बसवता येत नाही. तेव्हा असं करा, त्यांच्या वजनाइतकी वाळू आणा."

काकांचा चेहरा खुलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी वजनाबद्दल बोललं होतं. त्यांनी ओळखीच्या गोदामातून मोठा काटा आणवला, तो आधी आपल्या पितळी वजनांनी तपासला आणि काकूंना चपला काढून, चष्मा ठेवून, तीन वेळा त्यावर उभं केलं. तिन्ही वेळा बासष्ट किलो भरलं. मग वाळू आणली. ती चाळली. ओली वाळू जड भरते म्हणून दोन दिवस उन्हात पसरून कोरडी केली, राखणीला स्वतः बसले आणि पोत्यात भरून तोंड शिवून त्यावर लाखेचं सील मारलं.

काकू खिडकीतून हे पाहत होत्या. "माझ्यासाठी एवढं कधी केलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"तुझ्यासाठीच तर चाललंय."

"मग या बुधवारी जायचं का?"

"पुढच्या," काका म्हणाले.

चाचणी झाली. त्यासाठी साहेबांनी उरलेले दोन क्लँप तासाभरापुरते आवळायची लेखी मुभा दिली. काकांनी आवारात तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत झाडाच्या कुंड्या गेल्या, दुसरीत हात बसला, तिसरीत साहेबांनी टाळी वाजवली. पोतं जागचं हललं नाही. सहा आठवड्यांनी मंजुरीचा कागद आला आणि काकांनी तो काकूंना मोठ्यानं वाचून दाखवायला घेतला. "सदर पार्श्वयान कायमस्वरूपी जोडण्यास व त्यातून वाळू, बासष्ट किलो, कोरडी, वाहून नेण्यास परवानगी देण्यात येत आहे." तिथवर येऊन त्यांनी कागद मिटला.

ते तसेच आठ नंबरच्या खिडकीवर गेले. "बाई, काहीतरी घोटाळा झालाय. ही वाळू म्हणजे माझी बायको आहे."

बाईंनी कागद उलटसुलट पाहिला. "तसं यात कुठे म्हटलंय? चाचणी कशाची झाली? वाळूची. ज्याची चाचणी, त्याची परवानगी."

"पण मला वाळू कुठेच न्यायची नाही!"

"मग इतकी वाळवलीत कशाला?"

बाईंनीच वाट काढून दिली. वाळूच्या जागी पत्नी, असा बदल करता येतो. वस्तूच्या जागी वस्तू असती तर अर्ध्या तासाचं काम. वस्तूच्या जागी माणूस म्हणजे लोकहिताचा प्रश्न, म्हणून जाहीर सूचना लावायची आणि तीस दिवसांत हरकती मागवायच्या.

सूचना गल्लीच्या तोंडाशी, काकांच्या दारावर आणि खुद्द साइडकारवर लागली. "सौ. अमुक, वजन बासष्ट किलो, यांची पार्श्वयानातून वाहतूक करण्यास कोणाची हरकत असल्यास कळवावे." शेजारी दोरीला हरकतीच्या नमुन्यांचं जाडजूड पुडकं टांगलं आणि सुतळीला एक पेनही बांधलं. ही आजवरची कार्यालयाची सर्वांत जलद कार्यवाही होय.

गल्ली तशी चांगली. काकूंच्या ऑपरेशनच्या वेळी सगळे धावून आले होते. कुणी डबा दिला, कुणी काठी दिली. काकूंनी साइडकारमध्ये बसावं की विमानात, याबद्दल कोणाचंही काही मत नव्हतं. पण पेन समोर लोंबकळत असताना मत नसणं फार अवघड असतं. पहिले दोन दिवस लोक नुसते वाचून गेले. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शिंप्यानं लिहिलं, की एवढी रुंद गाडी वळली की गिऱ्हाईक दचकेल आणि माप चुकेल. मग बांध फुटला. समोरच्या वहिनींनी लिहिलं, की हे पाहून त्यांच्या सासूबाईही साइडकार मागतील. सासूबाईंनी लिहिलं, की त्यांना नकोच आहे, पण सून नाही म्हणते म्हणून हवी. एका निवृत्त शिक्षकांनी सूचनेला समास सोडला नाही अशी हरकत घेतली. वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरनं लिहिलं, "माझी काहीही हरकत नाही. काकू फार चांगल्या आहेत." पण नमुना हरकतीचा असल्यामुळे तीही हरकत क्रमांक एकोणीस म्हणून नोंदली गेली.

तिसाव्या दिवशी सेहेचाळीस हरकती झाल्या होत्या. सत्तेचाळिसावी काकांनी स्वतः नोंदवली.

झालं असं, की काकू हल्ली नीट जेवत नव्हत्या. बांगड्या सैल झाल्या म्हणाल्या तेव्हा काकांना शंका आली आणि त्यांनी गोदामातला काटा पुन्हा आणवला आणि काकूंना पुन्हा तीनदा उभं केलं. एकसष्ट किलो चारशे ग्रॅम. आणि दारावर, स्वतःच्या दारावर, बासष्ट लिहिलेलं! एकतीस वर्षं ज्या माणसानं पाच ग्रॅमची खोट खपवून घेतली नाही, त्याच्या दारावर सहाशे ग्रॅमची खोट सगळ्या गल्लीला दिसत होती. दोन दिवस काकांना अन्न गोड लागेना. शेवटी ते उठले, सुतळीचं पेन धरलं, नमुना भरला, पुराव्यादाखल तिन्ही वेळच्या वजनांचा तक्ता जोडला आणि सही ठोकली. मन कसं हलकं झालं.

सुनावणीत साहेबांनी सेहेचाळीस हरकती वीस मिनिटांत फेटाळल्या. सत्तेचाळिसावी हातात घेतल्यावर मात्र ते सरसावून बसले.

"ही हरकत तांत्रिक आहे, पुराव्यासह आहे आणि सक्षम व्यक्तीनं घेतलेली आहे. बदलाच्या अर्जातलं पत्नीचं वजन चुकीचं ठरतं. तो अर्ज रद्द, वाळूची परवानगी कायम. पत्नीसाठी नव्यानं अर्ज करावा." मग ते उठले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "असे जागरूक नागरिक असले ना, की आमचं काम सोपं होतं."

काका छाती काढून बाहेर पडले. जिन्याची तिसरी पायरी उतरल्यावर त्यांना कळलं की आपण काय केलं. ते तिथंच बसले.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू पत्ते लावत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सहाशे ग्रॅम," त्या म्हणाल्या.

"हो."

"ते कशानं कमी झाले, ते विचारलं कुणी?"

काकांनीही विचारलं नव्हतं, फक्त मोजलं होतं.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी थोरलीच्या भाडेकरणीचा फोन आला. "आजी पडल्याबिडल्या नाहीत, घाबरू नका," ती म्हणाली. "पण डोळ्यांना आता नीट दिसत नाही त्यांना. तरी दर बुधवारी दारात खुर्ची टाकून बसतात. कुणाची वाट बघता विचारलं तर म्हणतात, माझा डाव राहिलाय. म्हटलं तुम्हाला कळवावं."

काकूंनी फोन ठेवला, पत्ते गोळा केले, पर्समध्ये टाकले आणि काठी घेतली.

"चला."

"अगं पण परवानगी..."

"वाळूला आहे ना? बासष्ट किलो, कोरडी? मग मी वाळू."

"हे खोटं होईल."

"आठ महिने तुमचं खरं चाललंय. त्यात माझी बहीण आंधळी झाली," काकू म्हणाल्या. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा नियमाकडे पाठ करून बायकोकडे पाहिलं.

पाठ केली खरी, पण पूर्ण नाही. मिस्त्रीला बोलावून त्यांनी उरलेले दोन क्लँप आवळून घेतले. मिस्त्रीनं काकूंचा पाय हलक्या हातानं उचलून साइडकारच्या नाकात सरळ ठेवला. मग काका घरात गेले, पोत्याचं सील फोडलं, बरोबर सहाशे ग्रॅम वाळू मोजून एका पिशवीत भरली आणि ती काकूंच्या मांडीवर ठेवली.

"आता बासष्ट झालं," ते म्हणाले. मिस्त्रीनं तोंड फिरवलं.

गाडी सुरू झाली तशा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. "मंजुरी आली का हो?" शिंप्यानं विचारलं. "तारीख काय पडलीय तिच्यावर?" शिक्षकांनी विचारलं. कंपाउंडर वरून ओरडला, "काकू, मी तर हरकत नाही असंच लिहिलं होतं!" काकूंनी कोणाकडेही पाहिलं नाही. वाळूनं पाहायचं नसतं.

पुलावर वाहतुकीच्या हवालदारानं हात केला. त्यानं कागद वाचला. साइडकारमध्ये पाहिलं. पुन्हा कागद वाचला.

"काय आहे आत?"

"वाळू," काका म्हणाले. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

"बासष्ट किलो?"

"ग्रॅमसकट," काका म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज अजिबात कापला नाही.

"कोरडी?" हवालदारानं थेट काकूंनाच विचारलं.

"आत्तापर्यंत तरी," काकू म्हणाल्या. "आणखी थांबवलंत तर सांगता येत नाही."

हवालदार विचारात पडला. कागद अस्सल होता, शिक्का अस्सल होता, सही साहेबांची होती. कागद आणि डोळे यांत फरक पडला तर काय धरायचं, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. तरी काहीतरी चूक काढणं त्याला भागच होतं. "पुलावरून वाळू उघडी न्यायची नाही," तो शेवटी म्हणाला. "उडून लोकांच्या डोळ्यांत जाते. वर काहीतरी झाका." काकूंनी डोक्यावरून शाल ओढून घेतली. हवालदारानं वहीत नोंद केली आणि रस्ता मोकळा करून दिला.

थोरली दारातच बसलेली होती. गाडीचा आवाज तिला ऐकू आला नाही आणि शाल पांघरलेली बाई कोण तेही दिसलं नाही. काकांनी उतरून काकूंना उठायला मदत केली, तशा त्या काठी टेकत तिच्यापर्यंत गेल्या आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या, "मी आलेय!"

थोरलीनं हात पुढे केला, काकूंचा चेहरा चाचपला, गालाचं हाड हाताला लागलं तिथं जरा थांबली. "वाळलीस," ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि उशीर केलास. पत्ते पिस."

डाव मांडला. थोरलीला पत्ते दिसत नव्हते, म्हणून तिच्या हातातले पत्ते काकूच तिच्या कानात ओरडून सांगत होत्या. सगळी आळी ऐकत होती. तरीही थोरली जिंकली, कारण काकू मुद्दाम चुकीचं सांगतात असं म्हणून तिनं दोन राण्या आपल्या मनानंच धरल्या. काका ओट्यावर बसून हे भांडण ऐकत होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

हे वाचून तुम्हालाही बरं वाटलं असेल. मात्र मनाच्या कोपऱ्यात एक शंका येऊन गेली असेल, की हे सगळं ठीक, पण कायद्यानं पाहिलं तर बाई म्हणजे वाळू नव्हे. आणि उद्या प्रत्येकजण असं करू लागला तर कसं व्हायचं? शंका अगदी रास्त आहे. ती हरकत क्रमांक अठ्ठेचाळीस म्हणून नोंदवून घेतली आहे. पेन सुतळीला बांधलेलंच आहे, सही तेवढी करून जा.